पलंगासमोरचा क्रूस

मणक्याच्या टीबीच्या बायका आमच्या वॉर्डात अजूनही येतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, "बाई, मी चालीन का?" त्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही. भेटायची वेळ झाली की त्या दाराकडे बघत राहतात, त्यावरून मला तो कळतो. घरचे येतील का?

त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी हे लिहिते आहे. माझं उत्तर गोड नाही. माझ्या घरचे आले नाहीत. तरी मी वाचले. कशाच्या आधाराने वाचले ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि त्यातलं काही माझ्याही बाजूने चांगलं नाही.

चप्पल

माझं नाव शेवंता. माहेर आंधळगावजवळचं, सासर सिहोऱ्याकडचं. दोन्ही घरं धानाची. नवऱ्याचं नाव देवचंद. तेव्हा मी ते घेत नसे, आता घेते. मुलगी प्रमिला, सगळे तिला पमी म्हणत. चौऱ्याहत्तर साली ती दोन वर्षांची होती.

त्या सालच्या रोवण्यात माझी पाठ दुखायला लागली. रोवण्यात कुणाची पाठ दुखत नाही? दिवसभर चिखलात वाकून धानाचं रोप लावायचं. सासू म्हणाली, "आमी का रोवलं नाई का?" मीही तसंच समजले. पण रोवणा संपला, तरी दुखणं संपेना. संध्याकाळी अंगात कसकस असायची. मोहाच्या बियांचं तेल चोळून झालं. एका जाणत्या म्हाताऱ्याने विळा तापवून पाठीवर दोन डाग दिले. तो तिसरा द्यायला निघाला, तेव्हा देवचंदनेच त्याचा हात धरला. "पुरे झालं," म्हणाला. हे मला लिहिलंच पाहिजे. तो वाईट माणूस असता, तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर एक दिवस मी विहिरीवर निघाले होते. मागून शेजारीण ओरडली, "शेवंता, तुही चप्पल मागंच राह्यली वो!" वळून पाहिलं, तर डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागे पडली होती. मी एका अनवाणी पायाने चालत होते आणि पायाला ते माहीतच नव्हतं. दुखण्याने मला कधी भीती वाटली नव्हती. त्या न दुखणाऱ्या पायाची वाटली.

पंधरा दिवसांत दोन्ही पाय गेले.

खिडकीला लावलेला फोटो

साकोलीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, मिशनचा एक लहान दवाखाना होता. तिथे हाडांचं पाहतात, असं कुणीतरी सांगितलं. देवचंदने मला बैलबंडीत घालून सिहोऱ्याला आणलं, तिथून एसटी, मग दुसरी एसटी. चढताना आणि उतरताना त्याने मला पाठंगुळी घेतलं. भर बाजारात नवऱ्याच्या पाठीवर, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "कोनी पाह्यत नाई. डोये मिट." मी डोळे मिटले.

डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या होत्या. त्यांचं मराठी तुटक होतं, पण आवाज मऊ होता. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "इथे बघा. दोन मणके किडले. टीबी आहे."

"पन मले त खोकलाच नाई जी," मी म्हटलं. मला वाटलं, आता चूक त्यांच्या लक्षात येईल.

"टीबी मणक्यालापण होतो. पाय परत येऊ शकतात. पण नऊ महिने, कदाचित वर्ष, पाठीवर पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही."

देवचंदने विचारलं, "हे लागते का जी? लेकरू हाये घरी."

"हिच्या जवळ बसल्याने लागत नाही," त्या म्हणाल्या.

जाताना तो पलंगाजवळ उभा राहिला. "आठ दिसानं येतो. पमीले आनतो." तो आला. पमीला घेऊन एकदा, एकटा दोनदा. नंतर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, होती म्हणून आला नाही, असं मी समजले. नंतर लग्नसराई होती म्हणून. मी त्याच्यासाठी कारणं शोधायची आणि ती स्वतःलाच सांगायची. आजारी माणसाला तेवढंच काम असतं.

वॉर्ड

मला पालथं घालून पाठीवर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसवल्या, त्या वाळल्या की त्यांची अर्धी होडी झाली. त्या होडीत मला उताणं निजवलं. सकाळी सुई. मग मूठभर गोळ्या, ज्यांनी दिवसभर तोंड कडू राहायचं आणि कानात किडे ओरडायचे. दर दोन तासांनी दोघी जणी मिळून मला कुशीवर करायच्या, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. खाणं, धुणं, सगळं पडल्या पडल्या, दुसऱ्याच्या हाताने. पहिला महिना मी लाजेने रडत होते. दुसऱ्या महिन्यात लाज दमली.

पडून मला तीन गोष्टी दिसायच्या. छत, खिडकीतली मोहाची फांदी, आणि समोरच्या भिंतीवर दोन लाकडी पट्ट्या, एक उभी, एक आडवी. मला वाटलं, तिथे फोटो होता, तो कुणीतरी काढून नेला आणि चौकट तेवढी मोडून राहिली. तो क्रूस आहे हे मला रूथबाईने सांगितलं.

रूथबाई वॉर्डातली आया होती, पन्नाशीची विधवा. तिचं बोलणं आमच्याकडचंच होतं, तेच काहून न तेच मंग. पलंगाखालची भांडी ती उचलायची आणि उचलताना तोंड कधी वाकडं करायची नाही. प्लास्टरमध्ये खाज सुटली की लोकर विणायची सुई घेऊन यायची आणि आत घालून खाजवून द्यायची. ते सुख ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. कधी घरून पदराखाली अंबाडीची भाजी आणायची. मिशनच्या शाळेत सातवी शिकलेली होती, म्हणून माझी पोस्टकार्डंही तीच लिहायची. मी सांगायची, ती लिहायची, वाचून दाखवायची आणि पेटीत टाकायची. एकाचंही उत्तर आलं नाही.

वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची, रविवारी चर्चचे पाळकसाहेब यायचे. मी झोपेचं सोंग घ्यायची. माझे देव मला होते आणि त्यांच्याविरुद्ध काही ऐकायची माझी तयारी नव्हती. त्या देवांबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही.

चैतात एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं म्हटलं, "अंगठा हलव." मी नेहमीसारखं मनात हलवला. आणि वॉर्डभर टाळ्या झाल्या. मला काही दिसत नव्हतं. रूथबाईने चादर बाजूला करून लहान आरसा धरला आणि मी माझा डावा अंगठा पाहिला. कोंबासारखा, जरासा, पण हलत होता. त्याच दुपारी मी कार्ड लिहून घेतलं. त्यात दुसरं काही नव्हतं. डावा अंगठा हलला, पमीला सांगा.

माय आली

पावसाळ्याच्या तोंडावर माझी आई आली. एकटीच. मला इतका आनंद झाला, की तिने माझ्याकडे बघितलंच नाही हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ती स्टुलावर बसली आणि पदराच्या टोकाला गाठी मारत राहिली.

"माय, पमी कशी हाये?"

"मजेत हाये."

"मले इचारते का?"

तिने गाठ सोडली. "शेवंता, मी तुह्यापासून लपवत नाई. इंदूले दिलं."

इंदू माझी धाकटी बहीण. अठराची. मला बरं वाटलं. "कुठं दिलं?"

"तुह्याच घरी."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. माझ्या घरी म्हणजे कुठे, हे मी तिलाच विचारलं. मग ती रडायला लागली आणि मला कळलं.

"जावयानं चार मानसाइत बसून सांगतलं," ती म्हणाली. "म्हने शेवंता किरिस्ताव झाली. धरम बदलवला तिनं. आता ते आमच्या घरची नाई राह्यली."

"कोन बदलवला? मी त त्याइच्या प्रार्थनेले डोयेबी उघडत नाई वो!"

"आमाले का मालूम?"

"मंग मले इचारलं काहून नाई?"

तिने पदराला पुन्हा गाठ मारली. मग म्हणाली, "तुले इचारलं असतं त तू नाई म्हटलं असतं. मंग का केलं असतं आमी? दोन सालचं लेकरू. परकी आली असती त पमीले ठेवलं असतं का नीट? इंदू मावशी हाये. तू उठशीन का नाई, हेबी कोनाले ठाऊक?"

"आन् इंदू? ते का म्हने?"

"ते तयार झाली."

तेवढंच मी ऐकलं. बाकी सगळ्याला कारणं होती. देवचंदला घर चालवायचं होतं, बाबांना एक मुलगी उजवायची होती, आईला नातीची काळजी होती. पण इंदू तयार झाली. जिला मी कडेवर घेऊन वाढवलं ती.

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढंच मला करता येत होतं. उठून जाता येत नव्हतं, तिला घालवून देता येत नव्हतं. आई संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून उठली. जाताना तिने माझ्या पायावर हात ठेवला. पायाला तो कळला, आणि मला त्या पायाचाच राग आला. आता तो कशाला जागा होतो आहे?

गोळ्या

दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या गालात धरायची आणि नंतर उशीखाली थुंकायची. चार दिवसांनी रूथबाईने चादर बदलताना ओल्या, विरघळलेल्या गोळ्या पाहिल्या. ती ओरडली नाही. डॉक्टरीणबाईंनाही तिने तेव्हा सांगितलं नाही. दुपारची शांतता होती. ती स्टूल ओढून बसली.

"मराचं हाये का?"

"हो."

"मर. पन आधी एक आयक."

मला वाटलं, आता ही उपदेश करणार. पण तिने गावातल्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगायला सुरुवात केली. "गुरवारच्या संध्याकाळी तो आपल्या मानसाइसंग एका ताटात जेवला. आन् जेवनाऱ्यानंच धरून देलं. मुका घेऊन धरून देलं, म्हंजे शिपायाइले वळखू याव."

"कोन?"

"हाच." तिने समोरच्या लाकडाकडे बोट केलं. "दुसरा त म्हने, मी याले वळखतबी नाई. तीनदा म्हटलं त्यानं."

"आन् बाकीचे?"

"पयाले."

मी कान देऊन ऐकायला लागले, हे तिने पाहिलं असावं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. त्याला गावाबाहेर नेलं, ती म्हणाली. कपडे काढले. हातापायात खिळे मारले, तहान लागली तेव्हा आंबलेलं पाणी दिलं. खाली त्याची आई उभी होती. येणारे-जाणारे म्हणत होते, एवढा देवाचा आहेस तर उतर खाली.

"मंग तो उतरला असन," मी म्हटलं. "उतरून एकेकाले पाह्यलं असन त्यानं."

"नाई उतरला."

"काहून?"

"उतरला असता त सोताले वाचवलं असतं. नाई उतरला म्हनून आपल्याले वाचवलं. ज्यानं धरून देलं त्याच्यासाठीबी होतं ते. त्यानं घेतलं नाई, ते अलग."

मला त्यातलं अर्धंच समजलं. मला दुसरंच काही दिसत होतं. पाय हलवता येत नाहीत असा माणूस. उघडा, तहानलेला, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि ज्यांच्याबरोबर जेवला त्यांच्यातलं कुणी नाही.

"त्यानं देवाले काई म्हटलं नाई?"

"म्हटलं न. तू मले काहून सोडलं, म्हने."

"मंग देवानं का सांगतलं?"

रूथबाईने पदराने तोंड पुसलं. "त्या येळी काईच नाई सांगतलं."

तिने खोटं सांगितलं असतं, देव लगेच बोलला असं म्हटलं असतं, तर मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं. पण तिने खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो उठला, हे तिने दुसऱ्या दुपारी सांगितलं. त्या दुपारी मला पहिली गोष्टच पुरली. इतके महिने ती दोन लाकडं माझ्यासमोर होती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, मला बघणारं कुणी नाही.

संध्याकाळी मी गोळ्या गिळल्या. बरी व्हायला नाही. तिने दिल्या म्हणून.

नकार

हे वाचून कुणाला वाटेल, की तिथून सगळं उजळलं. तसं झालं नाही. राग वाढला. दिवसभर पडून मी देवचंदला काय काय म्हणेन ते जुळवायची. पुढच्या रविवारी मी पाळकसाहेबांना हाक मारली.

"माह्या घरच्याइनं मले किरिस्ताव ठरवलंच हाये. त आता तुमी करून टाका. बाप्तिस्मा द्या."

ते सावकाश बोलणारे होते. म्हणाले, "कुणाला दाखवायला?"

मी खोटं बोलले नाही. "त्याले."

"मग नाही देत, बाई. देवचंदचं नाव न घेता मागशील, त्या दिवशी बघू."

मला वाटलं, इथेही दार लागलं. माझ्या लोकांनी मला यांच्यात ढकललं आणि हेही मला घेत नाहीत. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र, रविवार नसतानाही, रोज येऊन स्टुलावर बसायचे, दोन मिनिटं, काही न बोलता, आणि जायचे. आज मला कळतं, की त्या नकारात माझी केवढी काळजी होती. बाहेर माझ्या नावाने जे खोटं सांगितलं गेलं होतं, ते खरं करायला त्यांनी हातभार लावला नाही.

रूथबाईने मला पडल्या पडल्या अक्षरं शिकवली. हात वर करून पाटी धरायची, खडूची भुकटी डोळ्यात पडायची. दिवाळीला मी पहिल्यांदा उभी राहिले. दोन्ही बाजूंनी दोघी, पाठीला पट्टा, आणि जमीन इतकी खाली की चक्करच आली. त्यानंतर रोज चार पावलं, मग आठ. पौषात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी जाऊ शकतेस. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत.

घरी. त्यांना ठाऊक होतं. तरी दुसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

अंगण

मी गेले. कशासाठी गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पमीला बघायला, हे खरं. आणि काठी टेकत का होईना, माझ्या पायांनी त्या अंगणात उभी राहायला, हेही खरं.

पमी अंगणात खेळत होती. साडेतीन वर्षांची, दोन वेण्या, लाल फिती. मी हाक मारली. तिने बघितलं आणि धावत दारात गेली. "माय, कोन वो ते?"

दारात इंदू उभी होती. सहा-सात महिन्यांची गरोदर. तिने चौकट घट्ट धरली.

आतून सासू आली. "तिथंच थांब. बाटली न तू?" तिच्या मागून देवचंद आला. त्याने मला पाहिलं, माझे पाय पाहिले. एक क्षण त्याचं तोंड असं झालं, की मला वाटलं हा आता रडेल. मग तो वळला आणि परसदाराने निघून गेला. इतके महिने जुळवलेलं एक वाक्यही मला बोलता आलं नाही.

"पमीले एकदा घेऊ द्या," मी म्हटलं. इंदूने तिला पुढे केलं. माझा हात लागताच ती इतकी ओरडली, की मीच हात मागे घेतला. कुणी पाणी विचारलं नाही. मी निघाले.

सिहोऱ्याच्या स्टँडवर बसची वाट बघत बसले होते, तेव्हा इंदू आली. धापा टाकत, त्या पोटाने, भर दुपारी.

"ताई, तूच त लिवलं होतं न?"

"काय लिवलं?"

"कार्डावर. त्याइनं मले एकटीले वाचून दाखवलं. मी आता जगत नाई, इंदूनं माह्या घरी याव, पमीले सांभायाव. मी पाह्यलं ताई ते कार्ड. तुह्या नावाचं होतं." इंदूला वाचता येत नव्हतं. "मी म्हटलं, ताईनं मांगतलं त मी नाई कशी म्हनू?"

"कवा आलं ते कार्ड?"

"चैतात."

चैतात एकच कार्ड गेलं होतं. त्यावर लिहिलं होतं, की माझा अंगठा हलला.

मी तिला ते सांगितलं. ती तिथेच जमिनीवर बसली. मग म्हणाली, "मी जातो माहेरी. आजच जातो. तू राहा तुह्या घरी."

मला हो म्हणावंसं वाटलं. हे मी लपवणार नाही. पण माझ्यासमोर बसलेली ही मुलगी माझ्याइतकीच फसवली गेली होती, आणि तिच्या पोटात एक जीव होता. ती माहेरी गेली असती, तर तिच्या त्या लेकराला कुणी घरात घेतलं असतं?

"घरी जा," मी म्हटलं. "जमिनीवर नको बसू."

"आन् पमी?"

"पमी तुही हाये आता."

बस आली. तुमसरपर्यंत मी रडत होते. शेजारची बाई म्हणाली, "कोनी गेलं का वो?" मी म्हटलं, हो.

मी क्षमा केली नव्हती. त्या बसमध्ये देवचंदच्या धानाला आग लागावी असं मला वाटत होतं. पण त्याच बसमध्ये रूथबाईचे शब्द आठवले, त्याला गावाबाहेर नेलं. म्हणजे तो बाहेरच आहे. मला ज्या अंगणातून बाहेर काढलं, त्याच्या बाहेरच तो होता. आत जाऊन मला काही सिद्ध करायचं नव्हतं. जिथून आता मला कुणी घालवू शकणार नाही, अशा एकाच जागेकडे मी निघाले होते. ते सुख नव्हतं. आसरा होता. आणि आसरा मिळाल्यावर मी कितीतरी दिवसांनी बसल्या बसल्या झोपले.

नंतर

डॉक्टरीणबाईंनी मला वॉर्डात काम दिलं, वाकावं लागणार नाही असं. गोळ्या पूर्ण झाल्या. दीड वर्षाने मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, "राग गेला?" मी म्हटलं, "नाही गेला. पण आता तो कुणाच्या पायाशी नेऊन टाकायचा ते कळलं. रोज टाकते. रोज परत येतो." ते हसले. दवाखान्यामागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, मी बाप्तिस्मा घेतला. माहेरहून कुणी आलं नाही. रूथबाई काठावर कोरडं लुगडं घेऊन उभी होती.

पमीचा प्रश्न

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात इंदू आली. बरोबर पमी. बारा वर्षांची, माझ्या खांद्याला लागणारी.

"बसमंधी सांगतलं तिले सगळं," इंदू म्हणाली. "आठ दिस राहू दे तुह्यापाशी."

"त्याले इचारलं?"

"नाई इचारलं." एवढं बोलून ती परतीच्या गाडीने गेली.

पमी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायची, भांडं उचलून ठेवायची, खोलीच्या पायरीवर बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "तू मले सोडून काहून गेली होती?"

माझ्याकडे दहा वर्षांचं उत्तर तयार होतं. तुझ्या बाबांनी कार्ड खोटं वाचलं. तुझ्या आजीने मला विचारलं नाही. मी हलू शकत नव्हते. सगळं खरं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "आजारी होती ते ठीक हाये. मंग घरी आल्ती त मले घेऊन काहून नाई गेली? इंदूमाय सांगते, तू म्हटलं पमी तुही हाये."

स्टँडवरचं ते वाक्य मी आयुष्यभर माझ्या जमेला धरलं होतं. इंदूसाठी मी काहीतरी सोडलं, असं. जे सोडलं ते ही मुलगी होती, आणि मी तिला विचारलं नव्हतं. जसं मला कुणी विचारलं नव्हतं.

इतकी वर्षं मी क्रुसाजवळ बसत होते ती फसवली गेलेली म्हणून. त्या सकाळी पहिल्यांदा मला जे पळाले त्यांच्यात उभं राहावं लागलं. आणि रूथबाईने सांगितलेलं जे अर्धं मला तेव्हा समजलं नव्हतं, ते तिथे समजलं. त्याने हात पसरले होते ते त्यांच्यासाठीही. तिथेही जागा होती. नसती, तर त्या पायरीवर मी खोटं बोलले असते.

"चुकलं माहं, पमी," मी म्हटलं. पुढे 'पण' लावायचं होतं. लावलं नाही.

ती उठून आत गेली. मला वाटलं, ती आपली पिशवी भरते आहे. ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात कंगवा आणि माझा लहान आरसा होता. माझ्याकडे पाठ करून ती खालच्या पायरीवर बसली.

"इंदूमाय लय घट्ट घालते वेणी," ती म्हणाली. "तू सैल घाल."

मी कंगवा घेतला. भांग वाकडा पडला. आरशात बघून ती म्हणाली, "परत पाड."

मी परत पाडला.